सरळ आत, वाकड्या माडाशी

शेवंते, तुझ्या पिंडाला कावळा एवढ्या घाईने का शिवला गो?

मी चांगली तयारी करून आले होते. दहाव्याला खाडीवर सगळी भावकी उभी, भटजींनी पिंड मांडले, तुझ्या मंगेशने शेजारी पान वाढून ठेवलं, आणि मी मनाशी म्हटलं, आता ही अडून बसणार. आयुष्यात कुठल्या गोष्टीला पटकन हो म्हणाली होतीस, की आता म्हणशील? कावळे फांदीवर बसून राहतील, माणसं एकमेकांची तोंडं बघतील, कुणीतरी पुटपुटेल, "हिचा जीव कशात अडकलाय?" आणि मग मी, तुझी थोरली जाऊ, सगळ्यांच्या देखत पुढे होऊन हात जोडणार होते. "शेवंते, तुझी चूल विझू देणार नाही. सुखाने जा." हे वाक्य आदल्या दिवशी भांडी घासताना मी म्हणून म्हणून पाठ केलं होतं. म्हणताना माझं मलाच रडू यायचं, इतकं छान जमलं होतं.

आणि तू? भटजी बाजूला सरतात न सरतात तोच एक दांडगा कावळा उतरला. पानातली सुरमई सोडली, कोलंबी सोडली, मी टाकलेल्या भाकरीचा तुकडा चोचीत धरला, पिंडाला चोच लावली आणि गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. "पुण्यवान बाई," म्हणाले, "काही मागे ठेवलं नाही हो!" माझं वाक्य माझ्या घशातच राहिलं. म्हणजे तुझं कशातच काही अडकलं नव्हतं? माझ्यातसुद्धा? एवढी वर्षं एका विहिरीचं पाणी प्यायलो, एका कुंपणावर कपडे वाळत घातले, माझ्यासाठी घटकाभर तरी अडायचं होतंस. चारचौघांत मला बोलायची एक संधी आली होती, तीही तू दिली नाहीस.

गर्दीही तुझीच. मुंबईच्या गाड्या, पुण्याच्या गाड्या, मंगेशचे न्हावा शेव्याचे ट्रेलरवाले दोस्त. ज्यांना मी कधी नावाने ओळखलं नाही अशा बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी पदर डोळ्यांना लावून उभी होते आणि, आता तुझ्यापासून काय लपवायचं, मनात आलं, माझ्या वेळी यातले किती येतील? त्यातल्या निम्म्याअधिक माणसांना तुझी वाट मीच दाखवलेली होती, तरी माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मरणसुद्धा कसं, तर हेवा वाटावा असं. दुपारची पंगत उठली, टोप घासून पालथे घातलेस, ओटीवर हात उशाला घेऊन आडवी झालीस ती उठलीच नाहीस. ना दवाखाना, ना सलाईन. इथे माझे गुडघे, माझी साखर, माझा मोतीबिंदू, गोळ्यांनी डबा भरलाय. आणि धाकटी असून तू अशी अलगद पुढे निघून गेलीस. आमच्या ह्यांना बातमी कळली तेव्हा पहिलं वाक्य काय निघावं तोंडातून? "आता सांदणं कोण करणार?" रडता रडता म्हणाले म्हणून सोडून दिलं. एरवी ऐकवलं असतं.

वाटणीचा दिवस आठवतो तुला? सासरे गेले आणि दोघा भावांनी वाडी निम्मी निम्मी करायचं ठरवलं. घराचा रस्त्याकडचा भाग आम्हाला, समुद्राकडचा तुम्हाला. राहिले माड. थोरली म्हणून पहिली निवड माझी. विहिरीजवळचा तो वाकडा माड तेवढा माडीला लावलेला, बाकीचे सगळे नारळाचे. माडीला लावलेला माड नारळ देत नाही, त्याच्या पोयीचा, कोवळ्या फुलोऱ्याचा, रस मडक्यात उतरतो आणि पिणाऱ्याच्या पोटात जातो. मी विचार केला, नारळ घरात राहतो, विकता येतो, देवाला चालतो. माडीचं घर म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी नारळाचे माड घेतले आणि म्हटलं, "वाकडा तू ठेव." तू मुकाट ठेवलास. वर म्हणालीस, "बाय, तुला चांगलं गावलं." त्या दिवशी मी समाधानाने जेवले. इतकी मूर्ख बाई सगळ्या तालुक्यात दुसरी नसेल.

कुणाला ठाऊक होतं गो, की मांडव्याला गाड्या पोटात घालून आणणारी बोट सुरू होईल? मुंबईचा माणूस सकाळी घरून निघून जेवायला आपल्या दारात पोचेल? आणि त्याला नारळ नको असेल, माडी हवी असेल! नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यात वाईन प्यायला जातात ना, तशी माणसं तुझ्या वाकड्या माडाखाली यायला लागली. खुर्च्या वाळूत टाकून बसायची, वर बघायची, मडक्याचे फोटो काढायची. माझे नारळाचे माड तिथेच उभे होते, सरळ, उंच, भरलेले. त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

धाकटे भाऊजी गेल्यावर तू खानावळ काढलीस. एक चूल, दोन बाकं. पुढच्या वर्षी मी काढली. का काढली ते विचारू नकोस. माझं घर रस्त्यावर, माझी पाटी मोठी, माझ्याकडे पंखे, माझ्याकडे हात धुवायला बेसिन. आणि गाड्या माझ्या दारात थांबायच्या हं, थांबायच्या नाहीत असं नाही. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, मी पदर सारखा करून पुढे व्हायची, आणि आतून आवाज यायचा, "मावशी, ते शेवंताताईंचं कुठे?"

"सरळ आत, वाकड्या माडाशी."

हे जेवढ्या वेळा म्हटलं तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर मला मोक्ष मिळाला असता.

ह्यांचं तर काय सांगू. एसटीची कंडक्टरी संपली आणि रोज संध्याकाळी "जरा वाडीत फेरी मारून येतो" सुरू झालं. फेरी कुठे संपायची ते मला मिशीवर दिसायचं. मी तोंड फुगवलं की तू कुंपणावरून ओरडायचीस, "बाय, दादांना दोन सांदणं वाढली तं काय झालं? परके हायत का?" परके नव्हते, तेच तर दुखणं होतं. माझ्या हातचं तीस-चाळीस वर्षं खाऊन माणूस कधी "वा" म्हणाला नाही आणि तुझ्या ओटीवरून येताना गुणगुणत यायचा.

आणि तुझ्या त्या वाटीत वाफवलेल्या सांदणांवरून आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं. मी म्हणायची, पीठ आंबवायला माडी घालायची ती सकाळी उतरवलेली, कोवळी, गोड. सासूबाई तशीच करायच्या. तू म्हणायचीस, सांजची, दिवसभर उन्हात चढलेली, तीच पिठाला उचलते. माझी सांदणं बशीत चपटी पडायची आणि तुझी वाटीच्या वर डोकं काढायची, तरी मी हटले नाही. सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. एकदा तू हात कमरेवर ठेवून म्हणालीस, "बाय, सासूबाई सकाळची का घालायच्या ठाव हाय? सांजची सासरे ठेवत व्हते का घरात? मडकं खाली यायचं नि त्यांच्या पोटात जायचं. बिचारी सकाळची न घालून करते काय!" मला इतकं हसू आलं की मी रागाने घरात निघून गेले. तुझ्यासमोर हसणार नव्हते.

तुझ्या हाताला काहीही लागलं की त्याचं सोनं व्हायचं, हेही एक. तो नाशिकचा पाहुणा आठवतो, तुझ्या माडीला उत्तर म्हणून स्वतःच्या मळ्यातली वाईन घेऊन आलेला? किती कौतुकाने त्याने तुला पेला दिला. तू एक घोट घेतलास, तोंड वेडंवाकडं केलंस. "जल्ला, हे तं खोकल्याचं औसद!" तो बिचारा हिरमुसला. मग उरलेली बाटली तू सुरमईला चोळलीस, हळद-तिखट लावलंस, तव्यावर टाकलीस. तो माणूस बोटं चाटत राहिला आणि पुढच्या वर्षी अख्खं खोकं घेऊन आला. मी कुणाच्या घरच्या वाईनला औषध म्हटलं असतं तर माणूस ताटावरून उठून गेला असता.

पण खरं दुखणं वेगळं होतं. ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

तुझ्या ओटीवरचं बोलणं माझ्या मोरीत स्वच्छ ऐकू यायचं. लोक तुला विचारायचे, ताई, अजून कुठे खायचं, कुठे प्यायचं? आणि तू सुरू व्हायचीस. "जिताडा खायाचा तं पेणकडं खाडीकाठी जावा, हितं बर्फातला येतो. कालवं पायजेत तं ओहोटी बघून या, बायका खडकावरनं काढतात, तितंच घ्या. मुरुडला एसटी स्टँडच्या मागं खालाजान हाय, तिची बिर्याणी शुक्रवारची खावा, शनवारची न्हाय. पोपटी थंडीत, वालाच्या शेंगा भरल्यावर. पावसात कुणी पोपटी म्हणून मडकं पुढं केलं तं उठून चालायला लागा. कांदा माळेतला घ्या, पांढरा, अलिबागच्या रस्त्याला. आणि माडी झाडाखाली बसून प्यावी. बाटलीत भरून उन्हात ठेवलेली कुणी दिली तं हात जोडा नि परत करा."

उरणपासून मुरुडपर्यंत तुला सगळी चुली-चुलीने ठाऊक. कुणाचंही नाव घ्यायला तुला जड जायचं नाही. बंदरावर सुकट विकणारीचं घ्यायचीस, तुला वाईटसाईट बोललेल्या त्या नाक्यावरच्या हॉटेलवाल्याचंसुद्धा घ्यायचीस, "माणूस खवट हाय पर सोलकढी चांगली करतो." आणि मी इकडे ओला टोप हातात धरून कान लावून उभी. आता म्हणेल, आणि रस्त्यावर आमची थोरली हाय. आता म्हणेल. एकदाही नाही. सगळ्या किनाऱ्यातून एकच घर तू वगळायचीस, आणि ते तुझ्या कुंपणाला लागून होतं.

मी काय वाईट रांधत होते? मला वाटायचं, मी तुझ्या खिजगणतीतच नाही. त्यात गिऱ्हाइकाने भाकरी मागितली की तुझं ठरलेलं, "भाकरी न्हाय मिळत आमच्यात, सांदणं घ्या." मी मोरीत दात-ओठ खायची. भाकरी घरोघरची, भाकरी थापायला हिला कमीपणा वाटतो, हिला सांदणंवाली म्हणून मिरवायचंय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू दोन्ही चुली सांभाळल्यास ना? सकाळी माझ्या घरात, दुपारी तुझ्या घरात, वाडीतून पळत जाऊन-येऊन तुझ्या टाचा फुटल्या. मला पट्टीखालून तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या आणि वाटायचं, माझी आई असती तरी तिने याहून जास्त केलं नसतं. पण माझ्या खानावळीत तेवढे दिवस तू भाकरी केली नाहीस. भात वाढलास. मी म्हटलं, "पीठ डब्यात आहे गो, लोक भाकरी मागतात." तू म्हणालीस, "भातावर भागतंय की." मला वाटलं, टाळतेय. आणि मी उठून चुलीशी बसले तर येईल तो विचारायचा, "त्या दुसऱ्या ताई नाहीत का आज?" तुझे उपकार मानायला तोंड उघडलं होतं, ते तिथेच मिटलं.

असो. कार्य झाल्यावर मंगेश तुझ्या घराची चावी घेऊन आला.

"मोठी आई," म्हणाला, "मला उरण सोडून इथे राहता येणार नाही. गाड्या रोज बंदरात लावायच्या असतात. एक पार्टी मागे लागलीय, वाडीत तंबू टाकणार, पोहायचा तलाव करणार. माड किती ठेवतील काय माहीत. पण आईचं म्हणणं होतं, दार उघडं राहिलं पाहिजे. तुम्ही चालवाल का? पाटी बदला हवी तर. तुमचं नाव लावा."

माझं नाव, वाकड्या माडाखाली! तुला सांगते शेवंते, आयुष्यभर मला दुसरं काही नको होतं. आणि चावी हातात आली तर ती मला धरवेना. देव्हाऱ्याच्या खाली ठेवली आणि म्हटलं, सांगते विचार करून. "लवकर सांगा," मंगेश म्हणाला, "पार्टी थांबणार नाही." हे म्हणाले, "विचार कसला करतेस? एवढी वर्षं तिकडेच तर बघत होतीस." बघत होते. पण जिने मरेपर्यंत माझं नाव तोंडावर आणलं नाही तिच्या दारावर माझं नाव ठोकून मी काय मिळवणार होते? लोक पाटी वाचून विचारतील, ही कोण?

मधल्या दिवसांत गाड्या येतच होत्या. काच खाली. "शेवंताताईंचं कुठे?" आता मी म्हणायची, "गेली ती." लोक चुकचुकायचे, एखादी बाई डोळे पुसायची, आणि गाडी वळवून निघून जायचे. मी दारात उभी आहे, माझी चूल पेटलेली आहे, माझे पंखे फिरतायत, हे कुणाला दिसायचं नाही. म्हटलं, कमाल आहे बाई तुझी. मेलीस तरी गिऱ्हाईक तुझंच.

मग परवा ते पुण्याचं जोडपं आलं. दर वर्षी यायचं ते, दोघेही शाळेत शिकवणारे, बाई उंच, तो थोडा कानाने कमी. मी सांगितलं तशी बाई माझ्या पायरीवर मटकन बसली. तिला पाणी दिलं. नवरा टोपी हातात घेऊन नुसता उभा. मला राहवलं नाही, म्हटलं, "एवढ्या लांबून आलात, उपाशी कुठे जाता? माझ्याकडे सुक्या बोंबलाचं कालवण आहे, आंबोशी घातलेलं. दोन भाकऱ्या टाकते." ते नको म्हणणार होते, पण बाईंना चालायचं त्राण नव्हतं. बसले.

मी भाकरी थापली, तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, फुगलेली तशीच ताटात नेऊन ठेवली. बाईंनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या. नवऱ्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "अहो, हीच ती भाकरी."

"कुठली ती?" मी विचारलं.

"शेवंताताई सांगायच्या ती."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "माझ्या भाकरीबद्दल सांगायची? शेवंता?"

"दर वर्षी! आम्ही भाकरी मागायचो ना. त्या म्हणायच्या, भाकरी माझ्याकडं मागू नका. रस्त्यावर माझी थोरली जाव हाय, तिच्या हातची एकदा खाल्लीत का माझी कुत्रा बी खायाचा न्हाय. तवा तं मी सांदणं धरली."

"आणि तुम्ही कधी आला नाहीत माझ्याकडे? एकदासुद्धा?"

त्या गृहस्थांना हे बरोबर ऐकू गेलं. डोळे पुसत हसले. "त्या येऊ देतील तर! आम्हाला शपथ घातली होती त्यांनी. म्हणायच्या, मी हाय तवर तिच्या दारात गाडी लावायची न्हाय. एकदा तिकडं बसलात की आत कशाला याल? मी मेल्यावर जावा खुशाल."

मी आत गेले. तव्यावर दुसरी भाकरी होती ती करपली. करपू दिली.

मेल्ये! सटवे! म्हणजे तुझ्याही पोटात दुखत होतं? मी इकडे मोरीत कान लावून उभी राहायची आणि तू तिकडे माझ्या भाकरीला भिऊन माझं नाव गिळत होतीस? ज्या सांदणांपायी मी जळून कोळसा झाले ती तू माझ्यापायीच करायला घेतलीस? नाक्यावरच्या खवट हॉटेलवाल्याचं नाव घेताना तुला काही वाटायचं नाही, कारण त्याची भीती नव्हती. भीती एकाच घराची होती. मला वाटायचं हेवा करणारी मी एकटीच, आणि तू आपली वाकड्या माडाखाली राणीसारखी बसलेली. तूही कुंपणाकडे बघत होतीस गो. माझ्या डोळ्यांना पट्टी होती तेव्हा माझ्याच चुलीवर, माझ्याच तव्यावर भाकरी टाकायची तुझी हिंमत झाली नाही, आणि मी तुला आळशी ठरवलं.

शेवंते, इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. खरंच सांगते. पहिला विचार काय आला माहीत आहे? पळत वाडीतून जावं, तुझ्या ओटीवर उभं राहून कमरेवर हात ठेवून ओरडावं, "कळलं मला! सगळं कळलं!" चार पावलं टाकलीसुद्धा. विहिरीपाशी आल्यावर आठवलं. तिथेच काठावर बसून मोठ्याने रडले. खाडीवर नीट रडता आलं नव्हतं, तिथे सगळं लक्ष त्या वाक्यात होतं.

संध्याकाळी माडी काढणारा वाकड्या माडावरून उतरला. तुझं दार बंद, म्हणून हल्ली तो मडकं आपला कुंपणावर टेकवून जातो. ते मी घरात आणलं. तांदूळ भिजलेलेच होते, वाटले, नारळाचं दूध घातलं, आणि सांजची माडी घातली. हो, सांजची. सकाळी वाफवली तर प्रत्येक सांदण वाटीच्या वर डोकं काढून बसलेलं. ह्यांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याला थांबून खिडकीतून तुझ्या घराकडे बघत राहिले. मग विचारलं, "माडी कुठली घातलीस?"

"सकाळची," मी म्हटलं.

माझ्याकडून तुला एवढं मिळणार नाही. ते भांडण चालू आहे.

पार्टीला नाही म्हणून सांग, असं मंगेशला कळवलं. पाटीचं त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, राहू दे आईची. तो म्हणाला, "मोठी आई, तुमचं मन मोठं आहे." मन कसलं मोठं? जिच्या पुढे जायचं तिचं नाव समोर नको का?

आज दुपारी माझ्या दारात गाडी थांबली. मुंबईची पोरंपोरी, पहिल्यांदाच आलेली, मोबाइलमध्ये बघत बघत. काच खाली झाली. "काकी, ते शेवंताताईंचं कुठे?"

जीभ सवयीची. "सरळ आत," मी म्हटलं, "वाकड्या माडाशी."

गाडी वळली. तिला मोठ्या रस्त्याने वळसा घालून, विहिरीला फेरी मारून जावं लागतं, तुला ठाऊकच आहे. मी देव्हाऱ्याखालची चावी घेतली, पिठाचा डबा काखेत मारला, सांदणांचं भांडं दुसऱ्या हातात, आणि परसातून वाडीत शिरले. ह्या गुडघ्यांनी मी पळाले शेवंते, माझ्या नारळांच्या माडांमधून पळाले. कुंपणाची बेचकी ओलांडली, तुझं कुलूप काढलं, तुझ्या चुलीत पातेरा घालून जाळ केला, तुझा भाकरीचा तवा शोधला. कोरा करकरीत होता, मेल्ये. एक भाकरी बघितली नव्हती त्याने.

पोरं ओटीवर आली तेव्हा मी धापा टाकत होते. त्यांच्यातली एक माझ्याकडे नीट बघायला लागली, रस्त्यावर वाट सांगणारी ती हीच का, असं.

"शेवंताताई?" तिने विचारलं.

"ती नाही आता. मी तिची थोरली जाऊ. बसा."

बसली सगळी. हात धुतले, वर माडाकडे बघितलं, मडक्याचा फोटो काढला. मग तीच मुलगी म्हणाली, "सांदणं मिळतील ना?"

"मिळतील," मी पीठ परातीत ओतत म्हटलं. "आधी भाकरी खा."